वाचकांचे प्रश्न : अवकाशाला आलेखाचा कागद का चालत नाही?

प्रश्न : प्लांक लांबीच्या (सुमारे १.६×१०⁻³⁵ मीटर) खाली अंतराला अर्थ उरत नाही म्हणतात. मग आलेखाच्या कागदासारखे अवकाशाचे चौकोन पाडले की झाले! नॉन-कम्युटेटिव्ह भूमितीची (जिथे xy आणि yx सारखे नसतात) उठाठेव कशाला?

उत्तर : चौकोन पाडले की दिशांमध्ये डावे-उजवे होते. कागद ३० अंशांत फिरवा, रेघा जुळत नाहीत. क्रमनिरपेक्षता (xy = yx हा नियम) सोडली तर ही अडचण येत नाही. जॉन मॅडोर यांचा १९९२ चा 'फझी स्फिअर' (धूसर गोल) घ्या. त्यात x, y, z या संख्या नसून N×N मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) असतात : पुंजयामिकीतल्या कोनीय संवेगाच्या (फिरण्याच्या मापाच्या) तीन मॅट्रिक्स J घेऊन R/√(j(j+1)) ने गुणायच्या; R ही गोलाची त्रिज्या, आणि j निघतो N = २j+१ वरून.

N = २ हातानेच करता येते. तिन्ही पाउली मॅट्रिक्सना (N = २ च्या J ची दुप्पट) R/√३ ने गुणा. वर्गांची बेरीज बरोबर R² येते, म्हणजे गोलाचे समीकरण शाबूत. पण z ला किमती (मॅट्रिक्सच्या आयगेन-किमती, म्हणजे मोजणीत मिळू शकणारे आकडे) दोनच, ±०.५७७R, ध्रुवापर्यंत कोणी पोचतच नाही. गंमत पुढे आहे : कुठल्याही तिरक्या दिशेने मोजा, याच दोन किमती मिळतात. अवकाश तुटक झाले, तरी दिशांत भेद नाही. N = १०० ला सर्वांत मोठी किंमत ०.९९०R होते.

संगणकावर दोन चुका हटकून होतात. √(j(j+1)) ऐवजी j ने भागले तर टोक R ला टेकते, पण वर्गांची बेरीज बिघडते; N = २ ला ती ३R² होते. दुसरी, नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतले * हे चिन्ह. ते जागच्या जागी आकडे गुणते, त्यामुळे xy−yx शून्यच येणार. तिथे मॅट्रिक्सचा खरा गुणाकार करणारे @ हवे.

प्रश्न : यात गुरुत्वाकर्षण कुठे आहे?

उत्तर : अजून कुठेच नाही. R आपण ठरवून टाकला. गुरुत्वात भूमितीच बदलती हवी. नॉन-कम्युटेटिव्ह भूमिती उभी करणारे गणिती अ‍ॅलन कॉन यांच्या मांडणीत अंतरे डिरॅक ऑपरेटर D (मॅट्रिक्ससारखीच एक गणिती क्रिया) वरून निघतात, म्हणून बदलायचा तो D. चामसेद्दीन आणि कॉन यांनी १९९६ मध्ये दाखवले, की D च्या Λ या ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान आयगेन-किमती (चिन्ह सोडून) मोजल्या आणि Λ मोठा धरून विस्तार केला, की आइन्स्टाइनच्या समीकरणांचे मूळ असलेले पद त्यात निघते. मात्र हे गणित युक्लिडीय आहे, काळही त्यात अवकाशासारखाच. आणि निघते ते अभिजात (क्लासिकल) गुरुत्व. पुंज (क्वांटम) म्हणायचे तर सगळ्या शक्य D वर सरासरी घ्यावी लागते. बॅरेट आणि ग्लेझर यांनी २०१६ मध्ये मॉन्टे कार्लो (यादृच्छिक नमुने घेण्याच्या) पद्धतीने तसे केले, पण लहान मॅट्रिक्सपुरतेच.