बेळगावातल्या अविवाहित काकांची जुनी ठेव पुण्यात राहणाऱ्या पुतण्यांना मिळू शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काका अविवाहित होते, बेळगावात 2012 साली वारले. वडील त्यांच्या आधी, 2008 मध्ये गेले. आत्या गडहिंग्लजला असतात. घर आवरताना ट्रंकेत सिंडिकेट बँकेचं पासबुक आणि मुदत ठेवीची पावती सापडली, आणि एक एजंट 25 टक्क्यांवर 'सगळं करून देतो' म्हणतोय.

पैसे कुठं जात नाहीत, ही पहिली गोष्ट. दहा वर्षं खात्यावर हालचाल नसली किंवा मुदत संपून दहा वर्षं कुणी विचारलं नाही, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरते. हा निधी 2014 पासून आहे. पण मागायचं बँकेकडेच. बँक वारसाला पैसे देते आणि नंतर रिझर्व्ह बँकेकडून वळते करून घेते. त्याला कालमर्यादा नाही. ठेव व्याजाची असेल तर निधीत पडून असलेल्या काळाचंही सरळ व्याज मिळतं, 2021 पासून ते 3 टक्के आहे. सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरा बँकेत विलीन झाली, म्हणून पासबुक घेऊन कॅनराच्या शाखेत जा. (आमच्या भागात अशी पासबुकं घरोघरी निघतात. सांगली बँकेचं असेल तर आयसीआयसीआय, मिरज स्टेट बँकेचं असेल तर युनियन बँक.)

आता खरा प्रश्न. तो तुम्ही विचारलाच नाही, आम्हीही विचारला नव्हता.

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला. आमचे धाकटे काका असेच एकटे होते, बेळगावात नोकरीला. ते गेल्यावर आम्ही चार चुलत भावंडांनी कागद गोळा करायला घेतले. नाडकचेरीत (कर्नाटकातली स्थानिक महसूल कचेरी) अर्ज, तलाठ्याची चौकशी, शेजारच्या दोघांचे जबाब, बॉण्डवर वंशावळ. काका मिरजेच्या दवाखान्यात गेले होते, त्यामुळे मृत्यूचा दाखला मराठीत आणि इथलं ऑफिस कानडीत, म्हणून भाषांतर करून नोटरी. पाच-सहा महिने आणि बराच खर्च झाल्यावर एका वकिलांकडे बसलो. त्यांनी फाईल उघडलीच नाही. कोरा कागद घेतला आणि म्हणाले, "घरात कोण कधी वारलं ते सांगा. वर्ष नको, तारीख."

त्या कागदावर आजी, वडील, मोठे काका, धाकटे काका अशा चार तारखा उतरल्या. आत्या हयात. त्यांनी दोन ओळी मारल्या आणि म्हणाले, "हे सगळे पैसे तुमच्या आत्याचे. तुमचा एक रुपया नाही."

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो.

कारण असं. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर आधी पहिल्या वर्गाचे वारस: बायको, मुलं-मुली, आई वगैरे. त्यातलं कुणीच नसेल तर दुसरा वर्ग, आणि त्यात पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर एकजण जरी असला तरी खालच्या पायरीला काही मिळत नाही. वारलेल्या माणसाचे वडील नसतील तर भाऊ-बहिणी वर, पुतणे-भाचे त्यांच्या खाली. बहीण जिवंत आहे आणि भाऊ काकांच्या आधीच गेलाय, तर त्या भावाच्या मुलांना त्याच्या जागी बसता येत नाही. आपल्याकडे समज नेमका उलटा असतो, की वडिलांचा वाटा आपल्याला येणारच. तो येतो वडील काकांच्या नंतर गेले असतील तर, कारण मग काकांच्या मृत्यूदिवशीच तो वाटा वडिलांच्या नावे झालेला असतो.

तुम्ही दिलेल्या वर्षांवरून तुमचंही गणित आमच्यासारखंच दिसतंय. पण एक माणूस तुम्ही सांगितलेला नाही. आजी कधी वारल्या? 2012 मध्ये काका गेले तेव्हा आजी हयात असतील तर चित्रच बदलतं. आई पहिल्या वर्गात, म्हणजे काकांचं सगळं आजीचं झालं. आणि आजी नंतर वारल्या (मृत्युपत्र न करता), तर त्यांच्या मुलामुलींबरोबर आधी गेलेल्या मुलाची मुलंही वारस असतात. मग आत्याला अर्धा आणि तुमच्या वडिलांच्या जागी तुम्हा भावंडांना मिळून अर्धा, असं धरतोय कारण तुम्ही आणखी काका-आत्या किंवा हयात आजोबा सांगितलेले नाहीत. आजीच्या मृत्यूच्या दाखल्यावर सगळं अडलंय, तो आधी काढा. मृत्युपत्र सापडलं तर मात्र यातलं काही लागू नाही. आणि पावतीवर नॉमिनी म्हणून तुमचं नाव नेमलेलं असेल तर बँक तुमच्या हातात पैसे देईल, पण नेमलेला माणूस मालक नसतो, ज्यांचे पैसे आहेत त्यांना ते द्यायचेच असतात.

एवढं ठरलं की बाकीचं बिनडोक काम आहे. रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, 2023 पासून, फुकट. नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र किंवा जन्मतारखेसारखी एक गोष्ट टाकायची. नाव इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगनी टाकून बघा. आमचे काका ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावर 'डी-एन-वाय' ने सुरू होणारं नाव आणि इथल्या बँकेत कानडी वळणानं 'जे-एन-ए'. तिसऱ्या प्रयत्नाला सापडले! नावातला असा फरक असेल तर 'दोन्ही व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र लागतं, आताच करून ठेवा. पतसंस्थेच्या पिग्मीची किंवा सोसायटीची पावती निघाली तर ती वेगळी ठेवा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्या उद्गमवर दिसणार नाहीत, तिथं समक्षच जावं लागेल.

कोर्टाचा वारसा दाखला लागेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांप्रमाणे वारसांत वाद नसेल तर साध्या बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत तो मागायचा नाही. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, हमीपत्र, वारसाबद्दलचा दाखला किंवा घराला ओळखणाऱ्या तिऱ्हाईताचं निवेदन, आणि न मागणाऱ्या वारसांची नाहरकत एवढ्यावर काम व्हायला पाहिजे, तेही कागद पुरे झाल्यापासून 15 दिवसांत. आमच्या वेळी हे नव्हतं. एका शाखेत आम्हाला चार वेळा परत पाठवलं, दर वेळी नवा कागद. कोर्टात जावंच लागलं तर काका राहत होते ते बेळगाव, पुणे नव्हे. तिथला दाखला देशभर चालतो.

एजंटाला काही देऊ नका. सही शेवटी वारसालाच करायची आहे, आणि 25 टक्के बहुधा आत्यांचे जातील, तुमचे नव्हेत.

काकांची जमीनही असेल तर ती फाईल वेगळी. उताऱ्यावर नाव चढवायला पौती खात्याचा अर्ज तहसीलला जातो, पण वारस तेच.

आमच्या आत्याला सांगायला मीच गेलो होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे तुम्ही सहा महिने माझ्या कामासाठी हिंडलात म्हणा की!" मग सूप बाजूला ठेवून चष्मा शोधायला आत गेल्या, सही कुठं करायची ते बघायला.