घरी धुतलेल्या कृष्णधवल फिल्मवर वाळल्यावर पांढरट डाग राहतात, काय करावं?

ते पाण्यातले क्षार. थेंब आटतो, क्षार तिथेच बसतात. म्हणून शेवटचं पाणी नळाचं किंवा विहिरीचं नको. मी फोंड्यात बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणतो. त्याच्या ६०० मिलीत ३ मिली फोटो-फ्लो (१:२००), म्हणजे फिल्मवर थेंब न राहता पाणी ओघळून जावं म्हणून घालायचं द्रावण; त्यात फिल्म अर्धा मिनिट, बस्स. जास्त ओतलंत तर त्याचाच तेलकट थर राहतो. बोटांनी निपटू नका. एक कण अडकला की रोलभर ओरखडा. माझा शिगमोत्सवाचा अख्खा रोल असाच गेला! फिल्म तिरकी टांगा, पाणी एका कडेनं ओघळतं. आपल्याकडे पावसात वाळायला रात्र जाते, तरी पंखा लावू नका, धूळ चिकटते. पडलेले डाग? पुन्हा तसंच भिजवून वाळवा, बहुतेक जातात.