इंदूरमध्ये मोठ्या मापाच्या बायकांना अंगावर नीट बसणाऱ्या कुर्त्या कुठे मिळतात?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नागपूरहून इंदूरला आलात, उंची पाच फूट एक, छाती ४४. एक्सएल छातीत अडकते, थ्री एक्सएल घेतली तर खांदे दंडावर उतरतात. आणि शेवटी विचारलंय की आता वजनच कमी करावं का. शेवटचं आधी सांगते. वजन गुडघ्यांसाठी कमी करा, साखरेसाठी करा, कुर्तीसाठी करू नका. मी एका आजारपणात बरीच उतरले होते. छाती ४२ची ४० झाली, खांदा मात्र होता तेवढाच, १४ इंच. आधी माझ्या अंगावर डबल एक्सएल लोंबायची, मग एक्सएल लोंबायला लागली. बाकी काही फरक पडला नाही. हो, नातेवाइकांनी कौतुक केलं.

कुठे मिळतात हे सांगते, पण त्याआधी का मिळत नाहीत ते ऐका, कारण ते मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत माझ्या सासरचं दुकान आहे. नाव सांगत नाही, घरात राहायचंय. सासऱ्यांच्या काळात तिथे साड्या आणि परकर असायचे, आता धाकटे दीर कुर्त्या ठेवतात. एका दिवाळीत कामावरची मुलगी ऐन सीझनमध्ये सोडून गेली, म्हणून मी गल्ल्याशेजारी जाऊन बसले. भाऊजींचं एक ठाम मत होतं, अजूनही आहे: "वहिनी, मोठं माप पडून राहतं. पैसा अडकतो." मी लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य ऐकतेय आणि लग्न झाल्यापासूनच माझं माप मोठं आहे, तेव्हा काय वाटत असेल समजून घ्या.

घाऊक बाजारात कुर्ती सुटी मिळत नाही, सेट घ्यावा लागतो. एका रंगाचे एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असे चार नग. थ्री एक्सएलपासून पुढचं वेगळं, मुद्दाम मागावं लागतं आणि त्यात रंग दोनच, चॉकलेटी नाहीतर नेव्ही ब्लू. (ऐन पंचविशीतल्या मुलीने चॉकलेटी का घालावा, हे कारखानदारांना एकदा विचारायचंय.) तर सेट फुटला की आधी काय जायचं? आमच्याकडे डबल एक्सएल. धनत्रयोदशीपर्यंत कपाटात एमच्या थप्प्या उरायच्या, आणि दिवाळीनंतर निम्म्या भावात दाराबाहेर टांगलेला ढीग सगळा एमचा असायचा. त्या ढिगाशेजारी उभं राहून भाऊजी मला सांगणार, मोठं माप पडून राहतं.

मी एक वही घातली. विकलं त्याची नाही, त्याची बिलं असतातच. जी बाई काही न घेता गेली, तिने काय मागितलं होतं ते लिहायचं. रंग, भाव, माप. बहुतेक नोंदी मापाच्या निघाल्या, आणि त्याही मला तिच्यामागे पायरीपर्यंत जाऊन विचारावं लागलं म्हणून. कारण अशी बाई मागत नाहीच. ती दारातून आत नजर टाकते, पुतळ्यावरचं माप बघते आणि दुपट्टे चाळून निघून जाते. फार तर बरोबरच्या मुलीसाठी बघतेय असं म्हणते. वर आमचाच पोऱ्या तोंड उघडायचा, "आंटी, आपके में नहीं आएगा." त्या आंटी माझ्याहून लहान. पुन्हा दुकानात येतील कशाला?

पाडव्याला हिशेबाच्या वेळी वही भाऊजींपुढे ठेवली. त्यांनी चाळली आणि म्हणाले, "या बघायला येतात वहिनी, घ्यायला नाही." तरी माणूस वाईट नाही, पुढच्या खेपेला जयपूरहून थ्री एक्सएल आणि फोर एक्सएलचा गठ्ठा आणला. मीच सोडला. घडी उघडली आणि कळलं, हे जाणार नाही. खांदा १८ इंच. गळा इतका खोल की आत काही घातल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही. बाह्यांचा घेर पोत्यासारखा, आणि छातीवर एक टक्स नाही, म्हणजे छातीच्या गोलाईसाठी कापड चिमटून घालतात ती शिवण.

हे असं का होतं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने, मास्टरजींनी, कागदावर काढून दाखवलं. कारखान्यात मधल्या मापाचा एक कागद, म्हणजे कापड कापायचा नमुना, नीट बसवतात. बाकीची मापं त्याच कागदाला वाढवत न्यायची. एक माप चढलं की छाती दोन इंच, आणि तिच्याबरोबर खांदाही थोडा, मुंढाही (बाही जोडतात तो घेर) थोडा, गळाही थोडा. बाईची छाती भरली म्हणून तिच्या खांद्याची हाडं लांब होत नाहीत, पण कागद वाढतच जातो. टक्स घातला तर शिलाई वाढते, कापड सपाट बसत नाही, इस्त्रीला वेळ लागतो, म्हणून टक्स नाही. म्हणजे तुमची थ्री एक्सएल अशा बाईसाठी कापलेली आहे जिला टक्सची गरज नाही आणि जिचे खांदे पहिलवानाचे आहेत. अशी बाई मी इंदूरमध्ये अजून पाहिलेली नाही.

गठ्ठा पडून राहिला. भाऊजींना काय, आनंदच. मग मी त्यातल्या थोड्या कुर्त्या मास्टरजींकडे दिल्या. बाही उसवली, खांदा आत घेतला, मुंढा पुन्हा काढून बाही परत लावली, बगलेकडून छातीला एकेक टक्स टाकला. मजुरी मी माझ्या पैशातून दिली. त्या कुर्त्या काउंटरवर ठेवल्या आणि संक्रांतीच्या आत संपल्या. एक बाई तर हळदीकुंकवाला चाललेली, अंगातली बदलून तीच घालून गेली. यावर भाऊजींचं म्हणणं, "तुम्ही बोललात म्हणून विकल्या." आजही चारचौघांत ते हेच सांगतात. असो.

न्यू जर्सीच्या नणंदबाई म्हणतात की आपल्याकडेच हा गोंधळ, तिकडे सगळं शास्त्रशुद्ध. तसं काही नाही. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९, आणि हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या बायका. त्यावरून पुढे १९५८ मध्ये मापांचं प्रमाण ठरवलं, ते कंपन्यांना पटेना, बायकांना बसेना, आणि १९८३ मध्ये सरकारने ते काढूनच घेतलं. तेव्हापासून तिकडेही ज्याची त्याची फूटपट्टी. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मोठ्या कपड्याला लहान आकडा लावायची युक्तीही तिथे सर्रास चालते. नणंदबाईंना आठचा आकडा येतो म्हणून त्या इथे येऊन मला डाएट शिकवतात.

आपल्याकडे कपड्यांसाठी स्वतःचा मापांचा तक्ता नव्हताच. इंग्लंड-अमेरिकेचे तक्ते घ्यायचे आणि आपापल्या अंदाजाने खालीवर करायचे. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने इंडियासाइज नावाचा प्रकल्प काढला, १५ ते ६५ वयाच्या २५,०००हून अधिक माणसांची यंत्राने मापं घ्यायची, दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, शिलाँग यांच्यासह सहा शहरांत. यात इंदूर नाही, भोपाळही नाही. आमच्या गल्लीत उतरलेल्या एकाही गठ्ठ्यावर त्या तक्त्याचा छाप मी अजून पाहिलेला नाही. आणि तक्ता आला तरी सेट फोडून मोठं माप जास्त मागवायचं की नाही, हे शेवटी गल्ल्यावरचा माणूसच ठरवणार. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

आता तुमचं. तयार कुर्तीच हवी असेल तर सीतलामाता बाजारात आत शिरा, तोंडावरच्या दुकानांत थांबू नका, तिथे पुतळ्यावर जे आहे तेवढंच असतं. पर्समध्ये टेप ठेवा. कुर्ती काउंटरवर सपाट पसरून बगलेपासून बगलेपर्यंत मोजा. तुमच्या ४४ला सुती कापडात साडेतेवीस ते चोवीस इंच यायला हवेत, म्हणजे पूर्ण घेर ४७-४८ आणि श्वास घ्यायला जागा. टॅगवरच्या अक्षरावर जाऊ नका. २०२२ पासून सुट्या कपड्यांवर एस, एम, एलच्या जोडीला सेंटीमीटरमध्ये माप द्यायचा नियम आहे, ते बघा, ११२ म्हणजे ४४. पण कुणी ते अंगाचं लिहितो, कुणी कपड्याचं, म्हणून टेप.

कुर्ती छातीच्या मापाने घ्यायची आणि खांदा शिंप्याकडून आत करून घ्यायचा. लोक उलटं सांगतात, खांदा बसला की घ्या आणि बाजूला उसवा. उसवायला आत माया लागते, म्हणजे शिवणीपलीकडे ठेवलेलं जास्तीचं कापड. पूर्वी घरचा शिंपी इंच-इंच माया ठेवायचा. बाजूच्या शिवणींचे चार काठ, प्रत्येकातून अर्धा इंच सोडला तरी घेर दोन इंचांनी वाढायचा. कारखान्याच्या कुर्तीत काठाचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेली ओव्हरलॉकची दोरी आणि तिच्यापलीकडे काही नाही. आत उलटून बघा म्हणजे पटेल.

शिंप्याकडे देण्याआधी सुती कुर्ती एकदा पाण्यातून काढा. नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि भांडण शिंप्याशी होईल.

खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी एमटी क्लॉथ मार्केटमधून कापड घेऊन शिवूनच घेईन. ४४ पन्हा असेल तर अडीच मीटर पुरतं, ३६ पन्हा असेल तर तीन घ्या. शिंपी निवडताना त्याला एवढंच विचारा की खांदा १४ आणि छाती ४४ असेल तर टक्स कुठे टाकाल. उत्तर न देता "मापाची कुर्ती दे दो, मैडम" म्हणाला तर उठा. बसणारी कुर्ती असती तर त्याच्याकडे आलो असतो कशाला?

एक-दोन गोष्टी राहिल्या. खांद्यावर किंवा मुंढ्याजवळ जरीकाम, आरसे, पाइपिंग असेल तर वरचा उपाय चालणार नाही, अशी कुर्ती तशीच ठेवून या. शिफॉन-जॉर्जेटला मास्टरजीसुद्धा नाखूश असतात. खांदा आत घ्यायची मजुरी स्वस्त कुर्तीच्या निम्म्या किमतीवर जाऊ शकते, हिशेब आधी करा. ऑनलाइनचं मला विचारू नका, मी मागवत नाही. आणि बिलावर "बदलून मिळेल" असं हाताने लिहून घ्या. कपडा सदोष निघाला तर बिलात मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत परत घेण्याची जबाबदारी २०१९ च्या ग्राहक कायद्याने दुकानदारावर टाकलीय, पण अंगाला न बसणं हा कायद्याच्या लेखी दोष नाही.

आणि माप नसेल तर दुपट्टे चाळून बाहेर पडू नका. कोणतं माप हवं होतं, कोणत्या रंगात, किती रुपयांपर्यंत, तिथेच मोठ्याने सांगा. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असेल तेव्हा सांगा, पोऱ्याला सांगून उपयोग नाही. आणि तो म्हणाला की मोठं माप पडून राहतं, तर दाराबाहेरच्या ढिगात किती एम आहेत ते त्याच्यादेखत मोजा.