डेझी खरंच पैशाला हपापलेली होती का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी अमळनेरची, एम.ए. इंग्लिश करतेय. आम्हाला फिट्झगेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी आहे आणि डेझीचं पात्र हमखास विचारतात. झेरॉक्सच्या दुकानात मिळतात त्या नोट्समध्ये सरळ लिहिलंय की डेझी पैशाला हपापलेली, गरीब गॅट्सबीला सोडून श्रीमंत टॉमशी लग्न केलं, विषय संपला. मला वाचताना तसं नाही वाटलं, लग्नाच्या आदल्या दिवशी ती रडते तिथे मलापण रडू आलं. मैत्रिणी म्हणतात तू उगाच तिची बाजू घेतेस. काय लिहू?

उत्तर : आधी त्या नोट्स बाजूला ठेव गं. हपापलेला कोण असतो, ज्याच्याकडे नसतं तो. डेझी अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातली, १९१७ साली १८ वर्षांची, आजूबाजूच्या सगळ्या घरांत मोठं लॉन हिच्या बापाचं, स्वतःची पांढरी गाडी, आणि छावणीतले ऑफिसर दिवसभर फोन करताय की तासभर तरी भेट. तिला पैसा मिळवायचा नव्हताच. आपल्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो म्हणून आपण पिंपं, हंडे, बादल्या सगळं भरून ठेवतो, ज्याच्या घरी चोवीस तास पाणी तो पिंप घेतच नाही आणि एक दिवस नळ गेला तर त्याला काही सुचत नाही. डेझी तशी. पिंप भरून ठेवणारा गॅट्सबी.

आणि एक गोष्ट त्या नोट्सवाल्याने खाल्ली. आधी खोटं गॅट्सबी बोललाय, डेझी नाही. खिशात दमडी नसताना त्याने तिला वाटू दिलं की मी पण तुमच्यातलाच, तुला सांभाळू शकतो. मिलिटरीच्या ड्रेसमध्ये काय कळणार कोणाचं घर कसलं. मग तो युद्धाला गेला, युद्ध संपलं तरी येईना, आणि इकडे घरचे लोक, स्थळं, वय, हे तुला मी काय सांगायचं, तुझ्याच ओळखीत चार मुली असतील.

आता तो रडण्याचा प्रसंग. जून १९१९. टॉम शिकागोहून शंभर माणसं घेऊन आला, रेल्वेचे ४ खाजगी डबे, हॉटेलचा अख्खा मजला (आपल्याकडे दोन ट्रॅव्हल्स भरल्या तरी मुलीचा बाप घामाघूम होतो), आणि हिला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार. किती ते कळायला हिशोब करून बघ, ३ वर्षांनी निक (ही सगळी गोष्ट सांगणारा) ज्या घरात राहतो त्याचं भाडं महिन्याला ८० डॉलर, म्हणजे त्या हारात ते घर ३६० वर्षांच्या वर भाड्याने मिळालं असतं. तो हार ती कचऱ्याच्या टोपलीत टाकते आणि मैत्रिणीला, जॉर्डनला सांगते, खाली जाऊन सगळ्यांना सांग डेझीचा विचार बदलला. दुसऱ्या हातात पत्र, ते कोणाचं हे पुस्तक नाव घेऊन सांगत नाही पण सांगायची गरजपण नाही. तिला गार पाण्याच्या टबात बसवतात तरी पत्र सुटत नाही, मुठीत दाबून त्याचा ओला गोळा होतो, शेवटी त्याचा भुगा व्हायला लागतो तेव्हा ती ते साबणाच्या डबीत ठेवू देते. अर्ध्या तासात हार परत गळ्यात. दुसऱ्या दिवशी ५ वाजता लग्न.

इथपर्यंत मी पूर्ण तुझ्या बाजूने. मुलगी झाल्यावर ती म्हणते ना की ही मोठी होऊन वेडीच निघू दे, सुंदर आणि वेडी, त्याच्यातच बाईचं भलं, ते वाक्य या बाथटबमधून आलंय असं मला वाटतं. (फिट्झगेराल्डच्या बायकोने, झेल्डाने, १९२१ ला मुलगी झाली तेव्हा जवळपास हेच म्हटलं होतं, नवऱ्याने उचललं.)

पण पुढे, गॅट्सबी श्रीमंत होऊन परत येतो तिथून, मी तुझ्यासोबत नाही. गाडी गॅट्सबीची, पण चालवत होती डेझी. टॉमने बाहेर ठेवलेली बाई, मर्टल, त्या गाडीखाली मेली आणि गाडी थांबली नाही. त्या रात्री ती आणि टॉम स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेत, मधे गार झालेलं चिकन, कोणी खात नाही, टॉमचा हात तिच्या हातावर, आणि बाहेर गॅट्सबी राखणीला उभा. आळ त्याच्यावर गेला, मर्टलच्या नवऱ्याने त्याला गोळी घातली, आणि ही बॅगा भरून निघून गेली, पत्ता नाही, निरोप नाही, मयतीला एक फूल नाही. लग्न मोडायची हिंमत झाली नाही हे मी समजू शकते. पण एक शब्द बोलायला काय लागत होतं? तिला गप्प राहणं परवडलं कारण दुसऱ्या गावात दुसरं घर तयारच होतं.

मर्टलवर कोणी लिहित नाही बघ. बायकोला साडेतीन लाखाचा हार देणारा टॉम मर्टलला रस्त्यावर १० डॉलरचं कुत्र्याचं पिल्लू घेऊन देतो आणि त्याच रात्री तिचं नाक फोडतो. डेझीच्या उत्तरात तिला पाच ओळी दे.

प्रश्न : मी शिरपूरचा, रिटायर्ड माणूस, नातीचं पुस्तक वाचलं. डेझीच्या आवाजात पैसा भरलाय असं गॅट्सबी म्हणतो, हे काय समजलं नाही.

उत्तर : काका, सराफ बाजारात बसून बघा तुम्ही. आपल्यासारखे दुकानात शिरल्या शिरल्या मोठ्याने विचारतात, आज काय भाव हो? आणि एखादी बाई येते, इतकी हळू बोलते की शेठला गादीवरून पुढे वाकावं लागतं, भाव ती विचारतच नाही. डेझीचं तेच, तिच्याबद्दल लोक म्हणायचे की समोरच्याने वाकावं म्हणूनच ही पुटपुटते. ज्याला कोणी ऐकणार नाही अशी भीती कधी वाटलीच नाही त्याचा आवाज तसा होतो. गॅट्सबीने बंगला घेतला, शर्ट घेतले, तो आवाज नाही घेता आला.

प्रश्न : पुस्तक नाही झालं वाचून, सिनेमा बघून पेपर लिहिला तर चालेल का? (भुसावळ)

उत्तर : नको रे बाबा. २०१३ च्या सिनेमात अमिताभ आहे म्हणून बघ हवा तर, पण त्यात निक सॅनिटोरियममध्ये (मनाच्या आजाराच्या दवाखान्यात) बसून सगळं लिहितो, पुस्तकात सॅनिटोरियम नाहीच. ते पेपरात लिहिलं की तपासणारे सर तिथेच पकडतात.