उत्तर : शिष्यवृत्तीचा अर्ज दीड महिना कॉलेजकडेच अडकलाय, पूर्ण फी भरू का?

तुझी पोस्ट दोनदा वाचली. वाटलं, 2019 साली माझ्या धाकट्या भावानेच लिहिली असावी. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीतून पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज एसटी स्टँडसमोरच्या नेटकॅफेतून, कॉलेज म्हणतं "वर पाठवलाय", कॅफेवाला म्हणतो "सगळं ओके आहे" आणि पोर्टलवर काय चाललंय ते कोणालाच ठाऊक नाही. फरक एवढाच की तू जतचा आणि आम्ही औशाचे.

कागदपत्रांची यादी देत बसत नाही, ती तुला पाठ झाली असणार. मला एकच सांग, पोर्टलवर मोबाइल नंबर कोणाचा आहे?

आमच्या अर्जावर तो कॅफेवाल्याचा होता. ओटीपी पटकन मिळावा म्हणून त्याने स्वतःचाच टाकलेला. युजर आयडी, पासवर्ड त्याच्या वहीत. अर्ज भरला, प्रिंट काढली, दोनशे रुपये दिले, आईने प्रिंट देव्हाऱ्यात ठेवली. आम्ही निवांत. इकडे कॉलेजने अर्ज 'सेंड बॅक' केला होता, कारण उत्पन्नाचा दाखला वाचता येत नव्हता. फाइल 256 केबीच्या आत बसवायला त्याने ती इतकी दाबली होती की तहसीलदारांचा शिक्का म्हणजे नुसता निळा डाग. नवा स्कॅन चढवून पुन्हा सबमिट करायचं, दहा मिनिटांचं काम. पण तो मेसेज गेला कॅफेवाल्याच्या फोनवर. तिथे गावातल्या निम्म्या पोरांचे मेसेज येऊन पडायचे, तो तरी कुठले वाचणार?

भाऊ कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर तीनदा गेला. एकदा साहेब रजेवर, एकदा सर्व्हर डाउन. तिसऱ्यांदा आतून मान वर न करता उत्तर आलं, "तुझा अर्ज आमच्याकडे नाही." खरंच नव्हता, आमच्याचकडे परत आला होता! "लॉगिन करून बघ" एवढे तीन शब्द जास्त बोलले असते तर काय बिघडलं असतं? कळलं तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते. शिक्षण शुल्क 84 हजार, त्यातलं निम्मं शासन भरणार होतं. ते 42 हजार गेले. वडिलांनी भाव पडलेला असताना सोयाबीन विकायला काढलं. राग अजून गेलेला नाही, दिसतंयच ते.

तर आज रात्रीच स्वतःच्या फोनवरून लॉगिन कर. पासवर्ड नसेल तर कॅफेवाल्याकडून घे आणि बदल, भिडेखातर थांबू नकोस. आधारला जोडलेला नंबरही तपास. वडिलांचा जुना बंद पडलेला नंबर असेल तर आधी आधार केंद्र गाठ. 'माय अप्लाइड स्कीम'मध्ये अर्जाची खरी अवस्था दिसेल, स्क्रीनशॉट काढून ठेव. खरंच कॉलेजच्या लॉगिनला पडून असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही, अर्ज क्रमांक टाक आणि आवक शिक्का मारलेली प्रत घे. तोंडी विचारणं बंद. एका शिक्क्याने खिडकीवरचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

फीचं. माझं मत, आणि हे फक्त मतच आहे, पूर्ण भरू नकोस. तुझ्या वाट्याची निम्मी भर, उरलेल्यासाठी अर्जाची पोच जोडून लेखी मुदत माग. शिष्यवृत्तीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये अशा सूचना शासन कॉलेजांना देत आलंय. पण परीक्षेचा फॉर्मच अडवून धरला तर वर्षापेक्षा पैसे मोठे नाहीत. भर, पावती जपून ठेव, मंजुरीनंतर परतावा माग. मी शिक्षिका आहे, वकील नाही. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे चालू वर्षाचा शासन निर्णय स्वतः वाच, माझ्यावर विसंबू नकोस.

वडील अल्पभूधारक आहेत आणि तू वसतिगृहात राहतोस असं लिहिलंयस. मग पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा वेगळा अर्ज केलास का? बरीच पोरं फीच्या अर्जावर थांबतात. या भत्त्याचे पैसे आधारशी मॅप असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला ठरलेल्या, खात्यात येतात. आधार चार खात्यांना जोडलेलं असलं तरी मॅप एकच असतं. आमच्या वर्गातल्या एकाचे पैसे सिमकार्ड घेताना नकळत उघडलेल्या खात्यात सापडले. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दोन मिनिटांत दिसतं.

धाकटी बहीण यंदा बारावीला म्हणतोस. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. 'हीच ब्रँच मिळतेय' म्हणून कोणी मॅनेजमेंट कोट्यात ओढायला लागला तर हे आधी आठवा. तिला इंजिनिअरिंगच हवं असेल तर कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांचा पसंतीक्रम भरतात तो) टी अक्षराने संपणारे टीएफडब्ल्यूएस (फी-माफीच्या) जागांचे कोडही भरायला लावा. त्या जागेवर शिक्षण शुल्क माफ असतं, मात्र नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. दाखल्यांसाठी निकालाची वाट बघू नका. जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते.

लॉगिन झालं की इथेच काय दिसतंय ते टाक. मी रात्री दहानंतर असते. आधार नंबर आणि पासवर्ड मात्र इथे टाकू नकोस, मागच्या आठवड्यात एकाने टाकला होता.