वाचकांचे प्रश्न : मेटल गिटारसाठी प्रीॲम्प कुठला घ्यावा?

प्रश्न : दादा, माझ्याकडे एक कॉम्बो ॲम्प आहे, क्लीन मस्त वाजतो पण डिस्टॉर्शन लावलं की सगळा चिखल होतो. गिटार ड्रॉप सी ला ट्यून केलेली असते. आता एखादा हाय गेन प्रीॲम्प पेडल घ्यावा म्हणतोय, सगळ्यात जास्त गेन कुठल्यात मिळेल?

उत्तर : प्रीॲम्प म्हणजे गिटारचा सिग्नल वाढवून त्याला टोन देणारा भाग, आणि गेन म्हणजे तो सिग्नल किती वाढवायचा ते; गेन वाढला की आवाज फाटतो, तेच डिस्टॉर्शन. पण गेन किती आहे हे बघून प्रीॲम्प घेऊच नका. मेटलसाठी म्हणून जो काही विकला जातो त्यात गेन गरजेपेक्षा जास्तच असतो, नॉब अर्ध्यावर गेला की पुरतो. तुमचा चिखल गेन कमी पडल्यामुळे नाही होत, डिस्टॉर्शनच्या आत जाणाऱ्या बेसमुळे होतो.

कसं ते सांगतो. साध्या ट्यूनिंगमध्ये जाड तारेचा सूर साधारण ८२ हर्ट्झला असतो, ड्रॉप सी मध्ये, म्हणजे ती तार सी पर्यंत उतरवली की, तो ६५ पर्यंत खाली येतो. सिग्नलमध्ये सगळ्यात मोठी लाट या खालच्या सुरांची, त्यामुळे क्लिपिंगला, म्हणजे लाटेचं टोक कापलं जाऊन आवाज फाटण्याला, पहिली तीच लागते आणि पिकचा जो करकरीत हल्ला असतो तो तिच्याखाली दबून जातो, पाम म्यूट मारला (तळहाताने तार दाबून वाजवली) तर आवाज लगेच थांबत नाही, मागे रेंगाळतो. म्हणून चांगल्या मेटल टोनचं सगळं गणित एवढंच, की बेस डिस्टॉर्शनच्या आधी कापायचा आणि हवा तेवढा नंतर परत द्यायचा.

आता हे डोक्यात ठेवून प्रीॲम्प बघा. पहिला प्रश्न, त्याचा ईक्यू (बेस, मिडल, ट्रेबल कमीजास्त करणारा भाग) डिस्टॉर्शनच्या आधी बसलाय की नंतर? उदाहरणार्थ मेसा बूगीचा मार्क टू सी प्लस हा ॲम्प बघा, मेटॅलिका या मेटल बँडने १९८६ च्या अल्बममध्ये वापरलेला. त्याचे बेस, मिडल, ट्रेबल हे नॉब गेनच्या आधी येतात, म्हणून जाणकार लोक त्यातला बेस जवळपास शून्यावर ठेवतात, आणि पाच पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू नंतर येतो तिथे ८० हर्ट्झची पट्टी वर आणि ७५० ची खाली. उलट पीव्हीचा ५१५० हा ॲम्प, १९९२ चा, त्याच्यात नॉब डिस्टॉर्शनच्या नंतर आहेत. तिथे बेस कितीही फिरवला तरी चिखल मुळातून जात नाही, नुसता हळू ऐकू येतो. म्हणून अशा ॲम्पच्या इनपुटआधी ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह (हलकं डिस्टॉर्शन देणारा) पेडल लावायची पद्धत पडली, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वरती. त्या पेडलमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग बाकीच्यापेक्षा कमी उचलला जातो, म्हणजे बेस आपोआप छाटून मगच आत जातो. तुमच्याकडे आधीच असा एखादा ओव्हरड्राइव्ह पडलेला असेल तर नवीन काही घ्यायच्या आधी तो असा लावून बघा, मला वाटतं निम्मं काम तिथेच होईल!

आणि तरी प्रीॲम्प पेडल घ्यायचाच असेल तर तो ॲम्पच्या पुढच्या इनपुटला लावू नका. तिथे लावला तर एका प्रीॲम्पच्या पुढे दुसरा प्रीॲम्प होतो आणि दोघांचे ईक्यू एकमेकांवर चढतात. मागे एफएक्स रिटर्न (इफेक्टकडून सिग्नल परत आत घेणारं सॉकेट) असेल तर तिथे लावा, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प बाजूला राहतो आणि फक्त पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा भाग, वापरला जातो. तुमच्या कॉम्बोला रिटर्न आहे का हे आधी बघा, नसेल तर प्रीॲम्प पेडलचे अर्धे पैसे वाया. स्पीकर आठ इंची असेल तर तेही लक्षात घ्या, छोट्या उघड्या पेटीतून ६५ हर्ट्झचा दणका कुठलाच प्रीॲम्प काढू शकत नाही.

प्रश्न : ट्यूबवाला प्रीॲम्पच खरा असं सगळे म्हणतात. ट्रान्झिस्टरवाला घेतला तर पस्तावेन का?

उत्तर : नाही. पँटेरा बँडच्या डाइमबॅग डॅरेलने ज्या रँडॉल ॲम्पवर नाव काढलं ते सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाले होते. स्वीडिश डेथ मेटलचा तो आरीसारखा आवाज बॉसच्या एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलचा, सगळे नॉब टोकाला, त्यात ट्यूब नावालाही नाही. ट्यूब हवीच असेल तर एक गोष्ट मात्र विचारून घ्या, ती किती व्होल्टवर चालते. १२एएक्स७ ट्यूब ॲम्पमध्ये दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्होल्टवर चालते, काही पेडलमध्ये तीच ट्यूब खूप कमी व्होल्टवर चालवतात आणि खरं डिस्टॉर्शन आतल्या चिप नाहीतर डायोडमधून येतं. आवाज आवडला तर जरूर घ्या, पण ट्यूब दिसतेय एवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

प्रश्न : जुना रॅक प्रीॲम्प मिळतोय, एडीए एमपी-१. घेऊ का?

उत्तर : १९८७ चा आहे, ट्यूब आणि मिडी (साठवलेले टोन, म्हणजे प्रीसेट, दुसऱ्या यंत्रावरून बदलायची सोय) दोन्ही असलेला, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती आणि आवाज आजही खणखणीत. पण सोबत वेगळा पॉवर ॲम्प, स्पीकर कॅब (स्पीकरची वेगळी पेटी) आणि प्रीसेट बदलायला मिडी फूटस्विच एवढं सगळं लागेल. आतल्या बॅटरीवर प्रीसेट टिकून असतात, ती संपली की साठवलेलं सगळं पुसलं जातं, तेव्हा बॅटरी कधी बदलली हे विचारा आणि सगळी बटणं दाबून बघा. रोज उचलून प्रॅक्टिसला न्यायचा असेल तर मी नको म्हणेन, एका जागी ठेवून वाजवणार असाल तर खुशाल घ्या.

प्रश्न : प्रीॲम्प थेट ऑडिओ इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला) लावला तर हेडफोनमध्ये नुसती घरघर आणि किरकिर. खराब आहे का?

उत्तर : खराब नाहीये, स्पीकर नाहीये. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळतो, डिस्टॉर्शनची सगळी किरकिर तिथेच असते, हेडफोन मात्र ती जशीच्या तशी ऐकवतो. कॅब सिम्युलेशन (स्पीकर कॅबच्या आवाजाची नक्कल) किंवा आयआर (खऱ्या कॅबच्या आवाजाची नोंदवलेली फाइल) लावा, आवाज एका क्षणात बदलेल. प्रीॲम्पमध्येच कॅब सिम असेल आणि कॉम्प्युटरवरही लावलं असेल तर एक बंद करा, दोन कॅब एकावर एक चढले की आवाज ब्लँकेटखाली गेल्यासारखा होतो.

प्रश्न : घरी टोन जबरदस्त वाटतो पण बँडमध्ये माझी गिटार ऐकूच येत नाही.

उत्तर : मिड्स, म्हणजे मधले सूर, कापलेत ना? हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात म्हणून घरी बसून आपण ते चढवतो आणि मिड्स खाली आणतो. बँडमध्ये खाली बेस गिटार आणि किक ड्रम बसलेले, वरती झांजा, गिटारला उरते ती मधलीच जागा आणि तीच आपण रिकामी केलेली असते. मिड्स वर घ्या, गेन थोडा उतरवा, बेस कमी करा. एकट्याने ऐकताना हा टोन जरा नाकातून आल्यासारखा वाटेल, वाटू दे. म्हणूनच प्रीॲम्प निवडताना मिडलचा नॉब खरंच काही करतो का हे तपासा, आणि मिडची फ्रीक्वेन्सी सरकवता येणारा मिळाला तर तोच उचला. जमलं तर दुकानातल्या खोलीत एकट्याने वाजवून ठरवू नका, बँडच्या प्रॅक्टिसला एकदा नेऊन ड्रमसोबत वाजवा आणि मगच पैसे द्या.