ब्राझीलच्या सेआरा राज्यात बारा दिवस कसे फिरावे?

तुम्ही विचारलंय की बारा दिवस हातात आहेत, तर राज्याची राजधानी फोर्तालेझा आणि जेरिकोआकोआरा हे किनाऱ्यावरचं गाव एवढं पुरे का. माझ्या मते पुरे नाही. साओ पाउलोत नोकरीला असताना मी सेआराला तीनदा गेले, त्यातल्या दोनदा एकटी. पहिल्या खेपेला नुसता किनारा पाहून परतले, आणि काय राहून गेलं ते पुढच्या वेळी कळलं. म्हणून सांगते, सात दिवस किनाऱ्याला द्या आणि पाच आतल्या मुलखाला. त्या कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशाला तिथे 'सेर्तांव' म्हणतात.

आधी महिना ठरवा. पाऊस साधारण फेब्रुवारी ते मे. जून-जुलैत आभाळ मोकळं होतं आणि वाळूच्या टेकड्यांमधली तळी पावसाच्या पाण्याने भरलेली असतात. वर्षाच्या शेवटापर्यंत ती बरीच आटतात. जुलैनंतर वारा मात्र जबरदस्त असतो, पतंगाच्या दोरीला धरून लाटांवर खेळणारे जगभरातून तेव्हाच येतात.

फोर्तालेझात दोन दिवस पुरेत, पण मुकुरीपीच्या किनाऱ्यावर जरूर जा. तिथे त्रिकोणी शिडाच्या 'जंगाडा' होड्या लागलेल्या दिसतील. पूर्वी त्या हलक्या लाकडाचे ओंडके जोडून बनवत. हा शब्द पोर्तुगीजांनी मल्याळममधल्या 'चंगाडम'वरून उचलला, आणि आपली 'सांगड' त्याच कुळातली. या होड्यांमागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे धड बंदर नव्हतं, त्यामुळे दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांसाठी विकलेले गुलाम जंगाडांमधूनच जहाजापर्यंत न्यावे लागत. 1881 मध्ये इथल्या होडीवाल्यांनी त्यांना न्यायला साफ नकार दिला. त्यांच्यातला फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो पुढे 'द्रागांव दो मार', म्हणजे समुद्राचा ड्रॅगन, या नावाने ओळखला जाऊ लागला. 25 मार्च 1884 ला सेआराने गुलामगिरी संपवली, ती ब्राझीलभर संपण्याच्या चार वर्षं आधी. शहरातलं मोठं सांस्कृतिक केंद्र त्याच्याच नावाचं आहे. अंधार पडल्यावर जुन्या शहरभागात पायी फिरू नका, ॲपवरून गाडी बोलवा.

सकाळी 'तापिओका' खा. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाचं हे ओलसर पीठ. गाडीवरची बाई ते चाळणीने थेट तापलेल्या कोरड्या तव्यावर पाडते. तेल नाही, पाणी नाही. अर्ध्या मिनिटात कण एकमेकांना धरतात, कडा सुटतात, ती उलटते आणि ओलं खोबरं घालून दुमडते. सोबत काजूच्या बोंडाचा रस घ्या. काजू हे झाड तिथलंच, आणि नावासकट ते पोर्तुगीजांबरोबर आपल्या कोकणात आलं.

जेरीला, म्हणजे जेरिकोआकोआराला, फोर्तालेझाहून बसने जिजोकापर्यंत आणि पुढे वाळूतून उघड्या ट्रकने जाता येतं. सगळे मिळून जवळजवळ 300 किलोमीटर, म्हणजे दिवस त्यातच जातो. गावात रस्ते वाळूचेच आणि रस्त्यावर दिवे नाहीत, त्यामुळे रात्री आकाश भरून दिसतं. गर्दी आता फार वाढली आहे. मला मनापासून आवडलं ते पश्चिमेचं ताताजुबा. सरकत्या वाळूने तिथलं जुनं गाव गिळलं आणि लोकांनी नवं ताताजुबा वसवलं. जुन्या जागी उभं राहिलं की पायाखाली गाव आहे, हे मनातून जात नाही.

आता आतला मुलूख. जेरीहून परतताना थोडी वाट वाकडी करून सोब्राल या शहरात जा. 29 मे 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात इथे घेतलेल्या छायाचित्रांनी आइनस्टाइनच्या सिद्धांताला बळ दिलं. तिथे ग्रहणाचं संग्रहालय आहे. मग फोर्तालेझाला परत येऊन रात्रीच्या बसने जुआझेइरो दो नॉर्ते गाठा. पाद्रे सिसेरो (1844–1934) या धर्मगुरूचं हे गाव. 1889 मधल्या एका चमत्काराच्या बोलबाल्यानंतर चर्चने त्यांना धर्मकार्य करायला बंदी केली, पण लोकांनी त्यांना सोडलं नाही. टेकडीवर त्यांचा 27 मीटर उंच पुतळा आहे, आणि नवस फेडायला आणलेले लाकडी हात, पाय, मुंडकी तिथे ढिगाने दिसतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहतात, तीच ही रीत. एक म्हातारी लाकडी पाऊल पदराआड धरावं तसं ओढणीत गुंडाळून चढत होती. मी हात पुढे केला तर मानेनेच नको म्हणाली. 2 नोव्हेंबरच्या सुमारास तिथे प्रचंड यात्रा भरते. तेव्हा जायचं तर खोली फार आधी धरून ठेवा.

शाकाहारी असाल तर 'बायांव दी दोइस' मागा, म्हणजे चवळी आणि भात एकत्र शिजवून वर तिथलं चीज. पण त्यात डुकराचं मांस बऱ्याचदा असतं आणि 'सें कार्नी', म्हणजे मांस नको, म्हटलं तरी कोंबडी किंवा बेकन चालेल असं समजतात. प्रत्येकाचं नाव घेऊन नको म्हणा. इंग्रजी फारसं कुणाला येत नाही, तेव्हा पोर्तुगीजमधली चार-पाच वाक्यं पाठ करून जा.

व्हिसा आधी काढावाच लागतो. आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. तिचं पिवळं कार्ड परतताना भारतातल्या विमानतळावर मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणून ते पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा.